राग होता म्हणून उठले

आजारातून उठलेलं माणूस लिहायला बसलं, की आधी देवाचे, डॉक्टरांचे आणि घरच्यांचे आभार मानतं. मीही मानते. पण मला अंथरुणातून उठवण्यात आणखी एकाचा हात होता आणि त्याचे आभार मी मानणार नाही. त्याचं नाव प्रशांत.

ज्यांना जीबीएस हा नसांचा आजार झालाय किंवा ज्यांच्या घरात कुणी त्या आजारानं पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगेल, मन शांत ठेवा, चांगले विचार करा. जमत असेल तर जरूर करा. मला जमलं नाही. मी ते सगळे महिने एका माणसाचा सूड कसा घ्यायचा याचा विचार करत काढले आणि तरीही बरी झाले. हेही कुणीतरी लिहायला पाहिजे.

त्याआधी

माझं माहेर देवळाली प्रवरा. शाळेत गोळाफेक करायचे, कॉलेजात पॉवरलिफ्टिंगकडे वळले. लग्नानंतर नगरला आले आणि सावेडीत जिम काढली. अर्धी माझी, अर्धी प्रशांतची. प्रशांत मुळात माझा विद्यार्थी. वजनांचा बार कसा धरायचा इथपासून मी त्याला शिकवलेलं. मला तो ताई म्हणायचा.

माझं काम म्हणजे प्रत्येकाला त्याच्या अंगाचा प्रोग्राम बनवून देणं. लोकांना वाटतं, वजन वाढवत गेलं की झालं. तसं नसतं. पोलीस भरतीच्या मुलीला ताकद हवी, पण पाय इतके थकवायचे नाहीत की धावताना ते जड व्हावेत. आमच्या गायके सरांची बायपास झालेली. त्यांना श्वास कोंडून एकही वजन उचलू द्यायचं नाही, बाकावर बसून उठणं आणि हलकं ओढणं, तेही बोलत बोलत. बोलणं थांबलं की वजन जास्त झालं, असं आमचं ठरलेलं. स्पर्धेच्या मुलामुलींचं आणखी वेगळं. तीन आठवडे भार चढवायचा, चौथ्यात उतरवायचा, आणि कोण कुठे अडतो ते बघून तेवढ्याच जागेवर काम करायचं. कुणी जमिनीवरून बार सुटताना अडतो, कुणी गुडघ्याशी.

माझा स्वतःचाही असाच एक प्रोग्राम होता. राज्य स्पर्धेसाठी बनवला होता. तो मी प्रशांतला मोबाईलवर पाठवला होता, नुसता बघायला.

गुडघ्यावर हातोडी

आधी दोनेक आठवडे पोट बिघडलं होतं. ते बरं झालं आणि पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी म्हटलं, नवे बूट घट्ट असतील. मग एका सकाळी जिमच्या पायऱ्या चढताना कठडा धरावा लागला. दुपारी नेहमीचा बार हातातून निसटला. मी बघतच राहिले. संध्याकाळी घरात खुर्चीवरून उठायला गेले आणि पाय नव्हतेच. होते, पण माझे नव्हते.

माझे मिस्टर, संजय, साखर कारखान्यात लॅबमध्ये आहेत. ते तसेच कामाच्या कपड्यांवर मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छोट्या रबरी हातोडीनं गुडघ्याखाली ठोकलं. पाय उडतो ना, तसा उडायला हवा होता. काहीच झालं नाही. दुसऱ्यावर ठोकलं. तिथेही काही नाही. डॉक्टरांनी हातोडी खिशात ठेवली आणि संजयना बाहेर बोलावलं. मी तिथेच ओरडले, "अहो, जे सांगायचं ते इथे सांगा. पाय माझे आहेत."

डॉक्टर परत आले. म्हणाले, शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर तुटून पडलीय. बहुतेक लोक बरे होतात. किती दिवसांत, ते आज सांगता येत नाही. आणि श्वासावर लक्ष ठेवावं लागेल, म्हणून आयसीयू.

श्वासावर लक्ष म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. नर्स यायची आणि सांगायची, एका दमात आकडे म्हणा. शाळेतल्या पोरीसारखी मी आकडे म्हणायचे. दर वेळी माझा दम आदल्या खेपेपेक्षा लवकर संपायचा. ती आकडा लिहून घ्यायची. मग प्लास्टिकचं ते खेळणं द्यायची, नळी ओढली की त्यातल्या तीन गोळ्या वर उडतात. माझ्या दुप्पट वजनाचा बार उचललेल्या मला एक प्लास्टिकची गोळी वर ठेवता येईना. चेहराही अर्धा गेला होता. चहा चमच्यानं पाजावा लागे, तो ओठांच्या कडेनं ओघळे.

श्वासाची नळी घालायची वेळ शेवटी आली नाही. दम घटायचा हळूहळू थांबला, मग वाढायला लागला. मला वॉर्डात हलवलं. तिथे एक मावशी होत्या, साफसफाईच्या. त्या काम संपलं की माझे केस विंचरून घट्ट वेणी घालायच्या. "चेहरा बघायला आरसा नको मागू आत्ता," म्हणायच्या, "वेणी मात्र झकास झालीया." अंगात कुठेच काही कळत नसताना कुणीतरी केस ओढतंय, हे कळायचं. त्या दिवसांत तेवढंच एक बरं वाटायचं.

तो प्रश्न

वॉर्डात आल्यावर एका दुपारी संजय माझ्या तळपायांना तेल लावत बसले होते. मग खाली बघतच म्हणाले,

"खरं सांगशील? तू इंजेक्शनं घ्यायचीस का?"

मला आधी कळलंच नाही. "कसली?"

"ते… बॉडी बनवायची, स्टेरॉईडची. प्रशांत सगळ्यांना सांगतोय. मेंबर लोकांना. म्हणतोय, ताईंनी स्पर्धेसाठी घेतली, म्हणून असं झालं. कारखान्यातही दोघांनी विचारलं मला."

आयुष्यात मी असली एक गोळीसुद्धा घेतली नव्हती. पोरांनी अशी इंजेक्शनं घेतली तर मी त्यांना जिमबाहेर काढायचे. हे सगळं नगर जाणत होतं. आणि माझा नवरा माझ्या पायाशी बसून मलाच विचारत होता.

मला ओरडायचं होतं. चेहरा साथ देईना. अर्धा ओठ हलला, तोंडातून नुसता फुरफुर आवाज आला. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला हात उठेना. संजयनी पुसलं, तर मी मान फिरवली. मान तेवढी फिरायची.

नंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते येत राहिले, पाय चोळत राहिले. आई देवळालीहून आली होती, तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "जावयांवर कशाला चिडतीस? ज्यानं आग लावली, त्याच्यावर चीड. लई दिस लागतील तुला. चीड पुरवून वापर."

गायके सर

काही दिवसांनी गायके सर भेटायला आले. निवृत्त मास्तर, इस्त्रीचा शर्ट, आणि एक हात गळ्यात बांधलेला. मला वाटलं, पडले असतील कुठेतरी.

"पडलोच," म्हणाले. "तुमच्या जिममध्ये."

प्रशांतनं माझा तो स्पर्धेचा प्रोग्राम मोठा छापून भिंतीवर लावला होता. वर स्वतःचं नाव आणि फोटो. आणि सगळ्या मेंबरांना तोच द्यायला लागला होता. भरतीच्या मुली, पाठदुखीचे बँकवाले, बायपासचे गायके सर, सगळ्यांना एकच. सरांनी विचारलंसुद्धा, अहो, मॅडम मला हे करू द्यायच्या नाहीत. तर तो म्हणाला, मॅडमचं ऐकून मॅडमचं काय झालं, बघताय ना! सरांनी श्वास रोखून बार ओढला, डोळ्यांपुढे अंधार आला आणि ते खाली कोसळले. गळ्याजवळचं हाड मोडलं. हृदय वाचलं, हे नशीब.

"मला वाटलं, तुम्हाला सांगू नये," सर म्हणाले. "या अवस्थेत त्रास होईल."

"सर," मी म्हटलं, तोवर शब्द जरा नीट फुटायला लागले होते, "बरं केलंत."

त्या दिवसापासून माझ्याकडे एक काम आलं. सकाळी डोळे उघडले की मी आधी प्रशांतचा चेहरा समोर आणायचे आणि मग पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचे. बाकीचे पेशंट नामस्मरण करत. एकदा शेजारच्या खाटेवरच्या आजींनी विचारलं, "पुटपुटतीस काय गं?" मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं ते.

अंगठा एका सकाळी हलला. मी ओरडून आईला उठवलं. ती रडायला लागली आणि मी मनात म्हटलं, आता थांब तू, प्रशांत.

शेख मॅडम

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला महागात पडली. रागानं अंगठा हलतो, पण रागानं ताकद येत नाही.

फिजिओथेरपीच्या शेख मॅडम बारीक चणीच्या, मऊ आवाजाच्या. त्यांनी सांगितलेलं दहादा करायचं असेल, तर मी त्या गेल्यावर पन्नासदा करायचे. आठवडाभर छान सुधारणा दिसली. मग एका दिवशी उठून बसताही येईना. आलेले हातसुद्धा परत गेल्यासारखे झाले. मी घाबरले, वाटलं, आजार उलटला.

शेख मॅडमनी सगळं विचारून घेतलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमच्या नसांवरचं आवरण आत्ता कुठे नव्यानं चढतंय. तुम्ही त्यांना धावायला लावताय. मला एक सांगा, आयसीयूतून आलेला माणूस तुमच्या जिममध्ये आला असता, तर तुम्ही त्याला काय दिलं असतं?"

काय दिलं असतं, ते मला पुरतं ठाऊक होतं. आणि हेही कळलं, की प्रशांतनं सरांना जे केलं तेच मी स्वतःला करत होते. दुसऱ्याच कुणाचा तरी प्रोग्राम या अंगावर लादत होते. आजाराआधीच्या त्या बाईचा.

मग मी माझ्यासाठी बसून नवा प्रोग्राम बनवला, शेख मॅडमना दाखवून. दमायच्या आधी थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जड वाटलं, तर तो दिवस नुसता आरामाचा. आरशासमोर गाल फुगवायचे, मग बसायचं, मग काठीला धरून उभं राहायचं. इतका हलका प्रोग्राम मी कधी कुणाला दिला नव्हता, आणि इतका अवघडही. राग मात्र आतून सारखा म्हणायचा, अजून कर, अजून कर. त्याला रोज गप्प करावं लागे. जीबीएसच्या पेशंटना माझं हात जोडून सांगणं आहे: राग येऊ द्या, पण व्यायाम किती करायचा ते रागाला ठरवू देऊ नका.

पत्र्याची शेड

काठी टेकत घरी आले, ती माहेरीच. देवळालीत भावाच्या शेताला लागून पत्र्याची शेड होती, त्यात खतं ठेवायचे. सावेडीच्या जिममधला माझा हिस्सा मी सोडून दिला. त्या जागेत पाय ठेवायची इच्छा नव्हती. भावानं शेड रिकामी करून दिली. माझे जुने बार आणि वजनं संजयनी टेम्पोत घालून आणली. मी त्यांना पाणी विचारलं. एवढंच बोलले.

पहिले आले गायके सर, एसटीनं, नगरहून. मग कोमल आली, राहुरीची, स्पर्धेत उतरणारी मुलगी. ती प्रशांतकडे कंबर दुखवून घेऊन आलेली. मग गावातल्या भरतीच्या मुली. त्या हंगामात खर्ड्याकडची ऊसतोडणीची टोळी कॅनॉलच्या कडेला उतरली होती. त्यातली एक बाई रोज दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "माज्या पाठीला बी सांगा की कायतरी. पर वजन नगं, वजन लई उचलत्ये म्या." तिला मी वाकायचं एकही काम दिलं नाही. दिवसभर ती वाकतेच. उताणं पडून कंबर उचलायची, आणि मोळी छातीला चिकटवून पायांनी उठायचं, एवढंच. पंधरवड्यानं तिनं शेजारणीला आणलं.

मी खुर्चीत बसून शिकवायचे, कारण पाय लवकर थकायचे. आलेल्या प्रत्येकाला उभं करून आधी नुसतं बघायचे. हात किती लांब, मांडी किती, झोप कशी लागते, घरी काय उचलावं लागतं. नगरचे मेंबर एकेक करत यायला लागले. लपवत नाही, मला प्रत्येकाचं नाव गोड लागायचं. एक आला की मनात म्हणायचे, प्रशांतचा आणखी एक गेला.

लाल दिवा

मग जिल्ह्याची पॉवरलिफ्टिंग स्पर्धा आली. पंच म्हणून माझी परीक्षा आजाराआधीच झालेली होती. मुख्य पंच जुने, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी फोन केला, एक पंच कमी पडतोय, याल का? उतरणाऱ्यांत प्रशांतचं नाव होतं. मी म्हटलं, "साहेब, प्रशांतशी माझं वैर आहे. आधीच सांगते."

ते म्हणाले, "वैर असलेल्या माणसाला चांगली उचललेली लिफ्ट चांगली दिसते का?"

"दिसते."

"मग या."

स्पर्धेत तीन पंच असतात. लिफ्ट बरोबर तर पांढरा दिवा, चूक तर लाल. दोन दिवे ज्या बाजूला, तो निकाल. मी डाव्या बाजूच्या खुर्चीत होते.

प्रशांत डेडलिफ्टला आला. जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहायचं, एवढीच ती लिफ्ट. शेवटच्या प्रयत्नाला त्यानं असं वजन सांगितलं की उचललं तर पहिला आणि राज्य स्पर्धेत जागा. तो बारवर वाकला आणि बार कुठे अडणार ते मला उचलायच्या आधीच दिसलं.

माझे हात लांब आहेत. बार गुडघ्यापाशी आला की माझं काम झालेलं असायचं. माझी सगळी अडचण तो जमिनीवरून सुटताना. म्हणून माझ्या प्रोग्राममधली सगळी मेहनत खालच्या अर्ध्याची होती. वरच्या अर्ध्यासाठी त्यात काहीच नव्हतं, कारण मला गरज नव्हती. प्रशांतचे हात आखूड, मांड्या लांब. त्याची अडचण नेमकी गुडघ्याच्या वर. आणि गेले कितीतरी महिने तो माझ्या अंगाचा प्रोग्राम करत होता.

बार जमिनीवरून असा सुटला की लोक ओरडले. गुडघ्याच्या जरा वर येऊन थांबला. त्याचा चेहरा काळानिळा झाला. मग त्यानं गुडघे वाकवले, बार मांडीवर टेकवला आणि हिसके देत ढकलत वर नेला. ते चालत नाही. पण समोरून नीट दिसत नाही, बाजूनं दिसतं. तो सरळ उभा राहिला, हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या.

मी लाल बटण दाबलं.

समोरच्या मुख्य पंचांचा दिवा पांढरा होता. उजवीकडचा पंच श्रीगोंद्याकडून आलेला, आम्हा दोघांनाही न ओळखणारा. त्याचा दिवा लाल.

प्रशांतनं पट्टा काढून फेकला. माझ्याकडे बोट करून ओरडला, "हिनं सूड घेतला! हिला विचारा, हिनं सूड घेतलाय!"

मुख्य पंच उठले. म्हणाले, "लाल दिवे दोन आहेत. दुसऱ्या पंचाचं तुझ्याशी काय वैर आहे?"

लिफ्ट खराब होती. आणि बटण दाबताना मला आनंद झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी एकही लपवणार नाही.

बक्षीस समारंभ सुरू असताना तो बाहेर नळापाशी मला गाठायला आला. चिडलेला नव्हता. "ताई, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तुम्ही पडल्यावर मेंबर घाबरले. विचारायचे, जिममुळे झालं का? जिम बंद पडली असती, ताई. म्हणून म्हटलं, जिममुळे नाही, इंजेक्शनमुळे. मला वाटलं, तुम्ही काही परत येत नाही."

हे त्यानं खरं सांगितलं असावं. मला ते खोटं वाटलं नाही. म्हणूनच जास्त संताप आला.

मग म्हणाला, "पुढच्या वर्षी परत उतरतोय. गुडघ्याच्या वर कुठे अडतं, तेवढं बघाल का? प्रोग्राम द्याल?"

"कुठे अडतं ते मला माहीत आहे. का अडतं तेही."

"मग?"

"सांगणार नाही."

"कोचनं असं करू नये, ताई."

"मी बायपासवाल्याला प्रोग्राम देते, ऊसतोडीच्या बाईला देते, उद्या तुझ्या जिममधला कुणीही आला तरी देईन. तुला देणार नाही. आणि जे बोललास ते ज्यांच्यापुढे बोललास, त्यांच्यापुढेच परत घे. इथे नळापाशी नको."

पुढच्या आठवड्यात गायके सरांनी कुणाकडून तरी ऐकलं ते मला कळवलं. त्यानं सकाळच्या बॅचला सांगितलं म्हणे, ताईंबद्दल जरा गैरसमज झाला होता. गैरसमज! झाला होता! त्यामुळे माझं उत्तर अजून तेच आहे.

पायाच्या बोटांना अजूनही पुरती जाणीव नाही. उतारावर काठी लागते. डॉक्टर म्हणतात, येईल, किंवा एवढंच राहील.

त्या स्पर्धेहून परतताना गाडी संजय चालवत होते. राहुरी मागे पडली. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी तुला त्या दिवशी तो प्रश्न विचारायला नको होता."

"नको होता," मी म्हटलं.

मी त्यांच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला आणि घरापर्यंत तसाच राहू दिला.

लोक सांगतात, सूड घेऊन मन शांत होत नाही. होत नसेल त्यांचं. मी घरी पोचले तर आईनं पिठलं टाकलं होतं. मी भाकऱ्या चुरून पोटभर जेवले आणि तिथेच चटईवर आडवी झाले. शेजारच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून एकामागे एक कारखान्याकडे चालले होते. मला दिवेलागणीपर्यंत जाग आली नाही.